तिसऱ्या रिंगला उचलायचं

३ सप्टेंबर, मंगळवार

पोचले. खोली आहे, पलंग आहे, खिडकी आहे आणि खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते. घरमालकिणीचं वायफाय खोलीत येतं, पण ते फक्त पलंगाच्या उशाशी. त्यामुळे आईला तोंड दाखवायचं तर भिंतीला पाठ टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसावं लागतं. आई म्हणाली, "अगं ठकू, अशी आखडून का बसलीस? थंडी आहे का तिकडे?" म्हटलं, थंडी नाही, रेंज आहे.

दिवाणखान्यातून बाबांचा खाकरण्याचा आवाज आला. मग पाठ दिसली. ती गॅलरीत निघून गेली.

लिहूनच टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल. बाबा निघताना माझ्याशी बोलले नाहीत. ते रागावले की भांडत नाहीत, कवळी काढून वाटीत ठेवतात. दातच नाहीत म्हटल्यावर बोलायचा प्रश्न मिटतो. ती कवळी मी केलेली आहे. इतकी वर्षं दुसऱ्यांचे दात करून झाल्यावर पहिल्यांदा घरच्या माणसाचे केले होते, आणि मी निघाले तेव्हा ते दात स्वयंपाकघराच्या ओट्यावर वाटीत पाण्यात होते. "इथे काय लोकांना दात नाहीत, म्हणून तिकडे चाललीस?" हे त्यांचं शेवटचं वाक्य, तेही आदल्या आठवड्यातलं.

मला इथून दुसरं काही नको. नोकरी मिळाली आहे, ती जमेल. बाबांनी एकदा फोनवर यावं, एवढंच हवं आहे.

५ सप्टेंबर, गुरुवार

आज इथल्या फोनचा नंबर घ्यायला निघाले आणि कोंबडी आधी की अंडं, याचा प्रत्यक्ष अनुभव घेऊन परत आले.

मोठ्या दुकानात म्हणाले, महिन्याचा प्लॅन हवा तर बँकेचं खातं दाखवा. बँकेत म्हणाले, खातं उघडतो, पण इथला फोन नंबर सांगा. कामाच्या ठिकाणी पगाराची बाई म्हणाली, पगार खात्यात जाईल, खातं द्या. कपडे धुवायचं यंत्र इमारतीच्या तळघरात आहे, तर तेही नंबर मागतं. धुणं झालं की कळवतं म्हणे. मी त्याला म्हटलं, बाबा रे, मी इथेच बसते, तू नुसतं धू. ऐकलं नाही. मोरीत बसून हाताने धुतले.

८ सप्टेंबर, रविवार

आज घोडं गंगेत न्हालं. कोपऱ्यावर एक चिंचोळं दुकान आहे. तिथे एक मुलगी चष्मे दुरुस्त करते, किल्ल्या करते आणि सिमही विकते. तिचं नाव मी सिमवाली ठेवलं आहे. ती म्हणाली, "खातं-बितं नको. आधी पैसे भरायचे, भरले तेवढं बोलायचं. पासपोर्ट दाखव आणि सिम घेऊन जा. मोठ्या दुकानात नंतर जा ऐटीत." तिनेच टोचणीने माझा फोन उघडला, सिम बसवलं आणि म्हणाली, "आता तू या गावात आहेस."

पहिली गोष्ट काय केली असेल, तर तिच्याच दुकानातल्या फोनवरून स्वतःला रिंग देऊन पाहिली. लाइनमनची मुलगी आहे, करणार काय. बाबा टेलिफोन खात्यात होते, त्यांचं उभं आयुष्य खांबांवर गेलं. लाइन दुरुस्त झाली की ते खांबावरूनच घरी रिंग द्यायचे. घरात नियम होता: दोन रिंग वाजून थांबली तर लाइन ठीक आहे आणि बाबाही ठीक आहेत, उचलायचं नाही. तिसरी वाजली तर उचलायचं, कारण बोलायचं आहे. मी स्टुलावर चढून फोनपाशी उभी राहायचे आणि मनातल्या मनात तिसरी वाजू दे म्हणायचे. वाजली की तिकडून आवाज यायचा, "हॅलो, एक्स्चेंज?" एक्स्चेंज म्हणजे मी.

मोबाइलला मात्र ते हवेतला फोन म्हणतात आणि हात लावत नाहीत. "ज्याला तार नाही त्याला भरवसा नाही," हे वाक्य आमच्या घरात देवाच्या फोटोखाली लावायचं तेवढं बाकी आहे. आईच्या मोबाइलवर मी दिसले की उठून जातात.

आईला नंबर सांगितला. तिने कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीने लिहिला. म्हणाली, "तुझे बाबा वाचून गेले आणि म्हणाले, एवढा लांबलचक नंबर? तिथे माणसं जास्त आहेत का खांब?" चेष्टा करण्याइतके तरी बरे आहेत म्हणायचे.

११ सप्टेंबर, बुधवार

कामाची जागा आवडली. लांब टेबल, प्रत्येकाचा दिवा, भिंतीला प्लास्टरच्या जबड्यांची रांग. मेणाचा वास अगदी आपल्याकडच्यासारखाच. आमच्या प्रमुखाला मी मुकादम म्हणते, मनातल्या मनात. भुवया पांढऱ्या, आवाज खर्जातला, आणि कुठलाही दात हातात घेतला की आधी उजेडात धरतो. कामाला बसण्याआधी सगळ्यांनी फोन दाराजवळच्या कप्प्यात ठेवायचे, हा त्याचा नियम. दात आणि फोन एका वेळी नाही.

जेवणाच्या सुट्टीत फोन काढला तर एक मिस्ड कॉल. नंबरच्या जागी नुसतं "अनोळखी". आई मोबाइलवरच्या व्हिडिओशिवाय बोलत नाही, आणि बाकी माझा नंबर फक्त सिमवालीकडे आणि काल खात्याचा अर्ज दिला त्या बँकेकडे. कोण असेल?

आईचा वृत्तान्त: बाबा काल कडक इस्त्रीचा शर्ट घालून, आधार कार्ड घेऊन टेलिफोन ऑफिसात जाऊन आले. काय काम म्हटलं तर म्हणाले, आहे एक. पेन्शनचं असेल.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

अनोळखीचा फोन काल आला, आजही आला. वेळ तीच, सकाळची, माझा फोन कप्प्यात असतानाची. मुकादमाला विचारलं. त्याने भुवया चढवल्या. "नव्याने आलेल्यांना असे फोन येतात. फसवणारे असतात. रिंग देऊन कापतात, तू कुतूहलाने पुढच्या वेळी उचलावास म्हणून. उचलायचा नाही. आलाच समोर तर लाल बटण दाबायचं." पाठोपाठ टेबलावरच्या सगळ्यांनी आपापल्या मावशीला, मेव्हण्याला लुबाडल्याचे किस्से सांगितले. तोंडचं पाणी पळालं. बाबा म्हणतात ते खरं का काय, तार नाही त्याला भरवसा नाही.

आई म्हणते, बाबांचं काहीतरी नवीनच सुरू आहे. जेवताना कवळी वाटीत आणि जेवण झाल्यावर तोंडात. "दुपारचं जेवण झालं की दात घालतात, मला म्हणतात तू आत जाऊन पड, आणि दिवाणखान्यात बसतात. सगळं उलटं."

हे ऐकल्यापासून माझ्या जिवाला घोर लागला आहे. जेवताना काढून ठेवतात म्हणजे टोचत असणार. डाव्या बाजूला खालची कड मी जरा उंच ठेवली होती. आईला म्हटलं, विचार ना, कुठे लागते. तिने तिथूनच हाक मारून विचारलं. उत्तर आलं: "जिनं केली तिला सांगीन."

मग सांगा ना.

१५ सप्टेंबर, रविवार

सुट्टी. उशाशी बसून चहा पीत होते, तोच फोन वाजला. "अनोळखी". मी काही कमी नाही. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत लाल बटण दाबलं. पुन्हा आला नाही. छाती दोन इंच फुगली. संध्याकाळी सिमवालीला जाऊन सांगितलं तर म्हणाली, "शाबास, आता तू पक्की इथली."

१७ सप्टेंबर, मंगळवार

आई म्हणाली, रविवारपासून बाबा गप्प आहेत. लँडलाइनच्या फोनचं डबडं उघडून, स्क्रू ताटलीत मांडून बसले होते. "म्हणतात, एंगेज लागतोय. रविवारच्या दिवशी कशाला एंगेज असेल? मी म्हटलं, असेल कुणी बोलत. तर म्हणाले, हो, बोलत असेल कुणाशी तरी, चांगलं आहे."

कुणाला लावतात कोण जाणे. खात्यातल्या जुन्या कुणा दोस्ताचा पत्ता लागला असेल. बरंच आहे, तेवढंच मन रमेल. मला मात्र जरासं लागलं. दोस्ताशी बोलायला दात घालून बसतात, आणि मी समोर आले की गॅलरी.

अनोळखीचा फोन काल पुन्हा आला. आजही.

२० सप्टेंबर, शुक्रवार

आज मान मिळाला, तो लिहून ठेवते. वरच्या मजल्यावरच्या दवाखान्यात एका आजोबांना नवी, अजून मेणातलीच कवळी बसवून पाहायची होती. मुकादम मला सोबत घेऊन गेला. आजोबा आरशात बघून खूश, डॉक्टरही खूश. मी म्हटलं, यांना जरा आकडे म्हणायला सांगा. आपल्याकडे मी सगळ्यांना सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट म्हणायला लावते. स म्हणताना शिट्टी वाजली की समजायचं, पुढचे दात केसभर चुकलेत. बाबांनाही लावलं होतं. ते दिवसभर, येता-जाता, दुधवाल्यासमोरसुद्धा म्हणत होते, आणि पुढचा एकोणसत्तर मी म्हणायचा, असा खेळ झाला होता. दुधवाल्याला वाटलं हिशेब चाललाय.

इथल्या आजोबांनी त्यांच्या भाषेत काय आकडे म्हटले ते मला कळले नाहीत, पण शिट्टी कळली. शिट्टी काय, सगळीकडे एकच भाषा बोलते. कवळी खाली आणली, पुढचे दोन दात किंचित आत घेतले, मेण लावलं, परत नेली. आजोबांनी पुन्हा म्हणून दाखवलं. शिट्टी गेली. मग ते थांबेचनात, जिना उतरेपर्यंत आकडे ऐकू येत होते. मुकादम माझ्याकडे न बघता म्हणाला, "उद्यापासून खिडकीजवळच्या टेबलावर बस."

बाबांना सांगायला हवं होतं. आईला सांगितलं, ती मोठ्याने म्हणाली, "ऐकलंत का?" गॅलरीतून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

२४ सप्टेंबर, मंगळवार

बँकेचं खातं उघडलं. आता सिमवालीने सांगितल्याप्रमाणे ऐटीत मोठ्या दुकानात गेले आणि महिन्याचा प्लॅन घेतला. नवा नंबर, लक्षात राहायला सोपा. माझ्या फोनला सिमच्या दोनच जागा. एकीत घरचं सिम, ते आईच्या व्हिडिओसाठी लागतं, म्हणून दुसरीतलं सिमवालीचं सिम काढलं आणि दातांच्या नमुन्यांच्या रिकाम्या डबीत ठेवलं. अनोळखी महाराज आता बसतील बोंबलत.

आईला म्हटलं, नंबर बदलला, लिहून घे. म्हणाली, "माझ्या फोनवर तू आहेस तशीच येतेस, तोच फोटो, तेच नाव. मग मी कशाला लिहू? पोळ्या करतेय." राहिलं.

२९ सप्टेंबर, रविवार

आठवडाभर एकही मिस्ड कॉल नाही. तळघरातलं धुण्याचं यंत्र आता मला नियमाने कळवतं. आज त्याने कळवलं की धुणं झालं, आणि मी धावत खाली गेले, कारण दुसरं कुणी मला फोनच करत नाही. हसू आलं. मग हसू गेलं.

३ ऑक्टोबर, गुरुवार

आई काळजीत आहे. बाबांची कवळी पुन्हा पूर्ण वेळ वाटीत. सगळं कालवून, मऊ करून गिळतात. काल स्टूल घेऊन बाहेरच्या भिंतीपाशी गेले, आत येणारी तार हाताने चाचपत बसले. या वयात स्टुलावर. आई ओरडली तर म्हणाले, "इकडची बाजू ठीक आहे. तिकडे तुटलीय."

"तिकडे म्हणजे कुठे?" मी विचारलं.

"मला काय सांगतात? तू म्हणतेस त्या दोस्ताकडे असेल. मी म्हटलं, जाऊ द्या, नाही लागत तर नाही लागत. तर म्हणतात, लाइन तुटली म्हणून कुणी घरी बसतं का, लागेपर्यंत बघायचं असतं. रोज दुपारी बसतात, रोज उठतात."

कोण हा दोस्त? एवढं म्हातारं माणूस रोज फोन लावतंय आणि याला साधा फोन चालू ठेवता येत नाही. मला त्याचा असा राग आला की काय सांगू. आईला म्हटलं, त्याचं नाव विचार, दादाला सांगते शोधून काढायला. आई म्हणाली, "विचारलं. म्हणाले, तुला काय करायचंय."

१३ ऑक्टोबर, रविवार

बाकीचं सगळं नंतर. आधी हे लिहिते.

सकाळी आईला पैसे पाठवायला बसले, माझ्या इथल्या पहिल्या पगारातले. बँक म्हणाली, तुमच्या फोनवर कोड पाठवला आहे, तो भरा. वाट पाहिली. कोड येईना. मग डोक्यात उजेड पडला, बँकेकडे नंबर जुना आहे, सिमवालीचा. डबीतून सिम काढलं, टोचणी नव्हती म्हणून मेण कोरायच्या सुईने फोन उघडला, सिम घातलं आणि उशाशी टेकून बसले.

फोन वाजला. "अनोळखी". बोट लाल बटणाकडे गेलंच होतं. पण चहाचा कप त्याच हातात होता, तो ठेवेपर्यंत वेळ गेला. एक रिंग वाजली. दुसरी वाजली. आणि थांबली.

मी ठेवलेला कप तसाच धरून बसून राहिले.

दोन रिंग.

तिकडे दुपार. जेवणं झालेली. आई आत पडलेली. दात तोंडात.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण मी तर कळसा फसवणारा आहे म्हणून लाल बटण दाबलं होतं. इस्त्रीचा शर्ट घालून ते ऑफिसात गेले, ते पेन्शनसाठी नव्हे. दादा कॉलेजात असताना तासनतास बोलायचा, म्हणून परगावच्या, परदेशच्या फोनांवर त्यांनीच कुलूप घालून घेतलं होतं, ते काढायला गेले होते. इकडचा फोन पहिल्या रिंगला एंगेज मीच केला होता. आणि लाइन तुटली होती ती दातांच्या नमुन्यांच्या डबीत. त्या दोस्तावर मी केवढी चिडले होते, तो दोस्त मीच निघाले. फार रडले, आणि मधेच हसले, कारण ते सगळे दिवस मुकादम आणि त्याचं अख्खं टेबल माझ्या बापापासून माझं रक्षण करत होतं.

उलटा फोन लावायचा तर नंबर "अनोळखी". पण घरच्या लँडलाइनचा नंबर मला कुणी सांगायला नको, स्टुलावर उभी असल्यापासून पाठ आहे. लावला. तिकडची घंटा ऐकू आली, एक. दुसरी. आणि मी कापला.

लाइन ठीक आहे. मीही ठीक आहे.

मग काही नाही. समोरच्या इमारतीतल्या खिडकीत कुणीतरी चादर झटकत होतं. मला वाटलं, आता ते दात काढून वाटीत ठेवतील, समाधानाने आडवे होतील आणि झालं, एवढ्यावरच आमचं भागायचं. तेही काही कमी नव्हतं.

फोन वाजला. एक. दोन. मनातल्या मनात तेच म्हटलं, जे स्टुलावर म्हणायचे.

तिसरी वाजली.

उचलला. खरखर, दूरचा पंखा, आणि मग खाकरणं.

"हॅलो, एक्स्चेंज?"

"हं," एवढंच आलं माझ्याकडून.

"कुठे होती लाइन इतके दिवस?"

"डबीत."

मागून आईचा झोपाळू आवाज आला, "अहो, कोण आहे?" बाबा तिला म्हणाले, "कुणी नाही, तपासतोय." मग पुन्हा माझ्याकडे वळले. त्यांचं तोंड फोनच्या अगदी जवळ आलेलं कळत होतं. खांबावर असताना वारा फार असला की असंच धरायचे.

"ऐक नीट," म्हणाले. "सहासष्ट. सदुसष्ट. अडुसष्ट."

मी ऐकलं. प्रत्येक स जागच्या जागी. शिट्टी नाही, घसरण नाही, डाव्या कडेला कुठे अडखळणं नाही. इतका स्वच्छ आवाज मी तार नसलेल्या फोनवर कधी ऐकला नव्हता.

"एकोणसत्तर," मी म्हटलं.

"हं," ते म्हणाले. "बोल आता."

मी खिडकीजवळच्या टेबलापासून सुरुवात केली. बँकेचा कोड मधेच कधीतरी येऊन त्याची मुदत टळून गेली. उद्या परत मागवेन.